सोडणारे आणि सोडले गेलेले : १९८२च्या पुरस्कारांवर एक संवाद

१९८२च्या चित्रपटांना दिल्या गेलेल्या ३०व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची यादी वाचताना एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान उत्पलेंदु चक्रवर्ती यांच्या ‘चोख’ या बंगाली चित्रपटाला मिळाला. तो कामगार चळवळीवरचा होता. पण ‘मून्द्राम पिरै’ या तमिळ चित्रपटासाठी सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरलेले कमल हासन, ‘अर्थ’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरलेल्या शबाना आझमी आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरलेला जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ हे तिन्ही सन्मान एकाच अनुभवाभोवती फिरतात. जवळचे नाते तुटल्यावर माणूस एकटा पडतो, तो अनुभव.

तिघांच्या एकटेपणाची जात मात्र वेगळी आहे. ‘अर्थ’मधल्या पूजाला नवरा दुसऱ्या स्त्रीसाठी सोडून जातो. ‘मून्द्राम पिरै’तला शिक्षक स्मृती हरवलेल्या तरुणीला नीलगिरीच्या डोंगरात आपल्या घरी आणून जपतो. उपचारांनी तिची स्मृती परत येते आणि मधला सगळा काळ, त्या शिक्षकासकट, पुसला जातो. मराठी प्रेक्षकाला ही कथा पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सदमा’मुळे ठाऊक आहे. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन मात्र स्वतः घराबाहेर पडते, महिला सुधारगृहाच्या अधीक्षिकेची नोकरी धरते आणि परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. तेव्हा ती पुन्हा निघते, यावेळी कायमची.

या तीन चित्रपटांबद्दलचा जुना वाद असा : अभिनेत्रीचा पुरस्कार शबाना आझमींना मिळाला तो योग्यच, की ‘उंबरठा’साठी तो स्मिता पाटील यांना मिळायला हवा होता? वरवर पाहता ही दोन अभिनेत्रींच्या चाहत्यांची चढाओढ आहे. तिच्या तळाशी मात्र एक गंभीर प्रश्न आहे. कोणाचे एकटेपण समाजाला एकटेपण म्हणून दिसते? या प्रश्नावर दोन दृष्टिकोन समोरासमोर ठेवता येतात. एक आहे आयुष्यभर फिल्म सोसायटीत चित्रपट दाखवलेल्या ज्येष्ठ समीक्षकाचा. दुसरा आहे नाती तुटलेल्या माणसांबरोबर रोज काम करणाऱ्या समुपदेशिकेचा.

सुरुवात समुपदेशिकेने केली. “सर, पुरस्कार कोणाला मिळाला हे लोक विसरतात. पण कोणत्या दुःखाला मिळाला, हे त्यांच्या मनात राहतं. घरात कोणी गेलं तर दहावा असतो, तेरावा असतो, माणसं भेटायला येतात. घटस्फोट झाला किंवा चार वर्षांचं नातं तुटलं तर कोण येतं? केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९मध्ये यालाच समाजाने मान्यता न दिलेला शोक म्हटलं. ‘अर्थ’ला पुरस्कार मिळाला तेव्हा अशा एका शोकाला देशाने जाहीरपणे मान्यता दिली. माझ्या दृष्टीने त्या पुरस्काराचं मोल तेवढ्यासाठी आहे.”

समीक्षकाला हे मान्य नव्हते. “ताई, मान्यता देणं हे पुरस्काराचं काम नाही. परीक्षक मंडळ त्या वर्षी सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट पाहतं आणि त्यातलं काम जोखतं. १९६७च्या चित्रपटांपासून अभिनयाचे राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले. पहिले मानकरी उत्तम कुमार आणि नर्गिस. दुःख कोणाचं मोठं, हे तेव्हाही कोणी मोजत नव्हतं आणि तसं मोजलं तर पुरस्कार म्हणजे सहानुभूतीची वाटणी होईल. शबाना आझमींना पुरस्कार मिळाला तो एका प्रवासासाठी. सुरुवातीची पूजा नवऱ्याने परत यावं म्हणून विनवते. शेवटी तोच नवरा दारात उभा राहतो आणि ती त्याला एकच प्रश्न विचारते : त्याने जे केलं ते तिने केलं असतं, तर त्याने तिला घरात घेतलं असतं का? त्या दोन टोकांमध्ये आवाज, चालणं, बसणं, नजर, सगळं हळूहळू बदलत जातं. पडद्यावर इतका बदल पटवणं फार अवघड असतं.”

‘अर्थ’बद्दल समीक्षक म्हणतो ते खरे आहे. पण पूजाचा प्रवास मनातल्या मनात होत नाही, आणि नाते तुटल्यावरच्या एकटेपणाचे स्वरूप समजून घ्यायचे तर इथेच थांबावे लागते. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात पूजा घर सोडते, नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहते, काम शोधते. प्रेम गेले त्याबरोबर पत्ता गेला, ओळख गेली, संध्याकाळी कोणासाठी तरी परतण्याची सवय गेली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३च्या आपल्या ग्रंथात एकटेपणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक भावनिक, म्हणजे जवळच्या एका माणसाची उणीव. दुसरा सामाजिक, म्हणजे मित्र, शेजार, गोतावळा यांची उणीव. वाइस यांचे ठाम म्हणणे होते की एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही. म्हणूनच नुकतेच नाते तुटलेल्या माणसाला मित्र भरल्या घरात घेऊन गेले तरी तो तिथेही एकटाच असतो, आणि मित्रांना वाटते, आपण इतके करतो आहोत तरी याचे काही होत नाही. दोन्ही बाजूंचा थकवा खरा असतो.

पूजाच्या बाबतीत ‘अर्थ’ हे नेमके दाखवतो. तिच्या सोबतीला राज हा गायक मित्र आहे, मोलकरीण आहे, वसतिगृहातल्या बायका आहेत. सामाजिक एकटेपण बऱ्यापैकी भरून निघते. भावनिक एकटेपण शिल्लक राहते, आणि राज लग्नाचे विचारतो तेव्हा रिकामी जागा भरायची म्हणून ती हो म्हणत नाही. मोलकरणीची मुलगी ती आपल्याकडे घेते. काही जणांना हा शेवट भावुक वाटतो. पण माणूस सावरतो तेव्हा तो बहुधा गेलेल्या माणसाच्या जागी त्याच आकाराचा दुसरा माणूस बसवत नाही. तो जगण्याची मांडणीच बदलतो. पूजा ते करते.

वाइस यांचा आणखी एक निष्कर्ष या वादाला थेट भिडतो, आणि समुपदेशिकेने तोच पुढे आणला. “सर, वाइस यांनी १९७५मध्ये विभक्त झालेल्या जोडप्यांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी एक गोष्ट आवर्जून नोंदवली. प्रेम आटलं तरी ओढ लगेच आटत नाही. म्हणून ज्याने नातं स्वतः तोडलं, त्यालाही रात्र रात्र झोप लागत नाही, त्यालाही हुरहूर असते. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात अडचण असते ती याच माणसांची. सोडून गेलेल्याला रडायचा हक्क नाही, असं सगळ्यांना वाटतं. त्याला स्वतःलासुद्धा. सुलभा महाजन ही ती बाई आहे. तिला मुलीची आठवण येते, नवऱ्याची येते, पण निर्णय तिचा असल्यामुळे कोणाजवळ बोलायची सोय नाही. स्मिता पाटील यांनी हे न बोलता दाखवलं. तेव्हा परीक्षकांना पूजाचे अश्रू दिसले आणि सुलभाची कोरडी नजर दिसली नाही, असं मला वाटतं. ऑस्करमध्ये तरी वेगळं काय घडलं? १९७९च्या ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ला पाच ऑस्कर मिळाले. मागे राहिलेला बाप प्रमुख, म्हणून डस्टिन हॉफमन सर्वोत्कृष्ट अभिनेता. सोडून गेलेली आई कथेच्या कडेला, म्हणून मेरिल स्ट्रीप सहायक अभिनेत्री.”

समीक्षकाने लगेच अडवले. “ताई, निकालावरून हेतू काढू नका. हाच न्याय लावायचा तर ‘भूमिका’चं काय कराल? हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर आधारलेला श्याम बेनेगलांचा तो चित्रपट. त्यातली उषा एकेक नातं सोडत जाते. नवरा, सहकारी नट, पुढे ज्याच्या वाड्यात ती अडकते तो जमीनदार. शेवटी ती एकटीच असते आणि फोन वाजत राहतो. त्या भूमिकेसाठी १९७७च्या चित्रपटांमध्ये राष्ट्रीय पुरस्कार कोणाला मिळाला? स्मिता पाटील यांनाच. म्हणजे सोडणारी बाई परीक्षकांना दिसते. ‘उंबरठा’त तिला अभिनयाचा पुरस्कार मिळाला नाही, तर त्याची कारणं चित्रपटात शोधा. त्याचा मोठा भाग सुधारगृहात घडतो. तिथल्या स्त्रिया, भ्रष्टाचार, आत्मदहन, चौकशी. तेंडुलकरांची पटकथा संस्थेचा आतून धांडोळा घेते. सुलभाचं मन त्या सगळ्यामागे राहतं. म्हणून सन्मान अभिनेत्रीऐवजी पूर्ण चित्रपटाचा झाला, आणि तो योग्य जागी गेला.”

‘भूमिका’चे उदाहरण बिनतोड आहे. समुपदेशिकेलाही ते मान्य करावे लागले आणि परीक्षकांच्या नजरेबद्दलचे आपले विधान तिने मागे घेतले. मात्र समीक्षकाच्या वाक्यातला एक भाग तिने उचलून धरला, आणि इथे संवादाला खरी धार आली.

“सुलभाचं मन सुधारगृहामागे राहतं, असं तुम्ही म्हणालात. त्याला तुम्ही पटकथेची मर्यादा समजता. मला ते सत्य वाटतं. जो स्वतः निघून गेला, तो आपल्या एकटेपणाकडे पाहायला वेळच ठेवत नाही. कामात बुडतो. चांगलं काम करतो, रात्री उशिरापर्यंत करतो. सुट्टीच्या दिवशी त्याची पंचाईत होते. लोक म्हणतात, बघा, किती छान सावरली. ‘उंबरठा’ त्या बाईबरोबर कामावर जातो, आणि तिच्या आयुष्यात काय उरलं नाही ते ती घरी परत येते तेव्हा आपल्याला कळतं. मुलगी परकी झालेली आहे. नवऱ्याने सोय लावून घेतलेली आहे आणि तिने ती समजून घ्यावी अशी त्याची अपेक्षा आहे.”

“हे मी मान्य करतो,” समीक्षक म्हणाला. “पण मग तुम्ही अभिनयाच्या पुरस्कारासाठी भांडू नका. तुमचं वर्णन पटकथेचं आणि दिग्दर्शनाचं आहे. जे लपवून ठेवलं आहे ते प्रेक्षकाला कळेल अशी रचना कोणी केली? तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी.”

“लपवलेलं आहे हे कळायला चेहरा लागतो, सर. रचना कागदावर असते.”

या मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही आणि ते होण्यासारखेही नाही. अभिनय आणि पटकथा यांची सीमा कुठे आखायची, हा अभिनयाच्या प्रत्येक पुरस्काराखालचा न सुटलेला प्रश्न आहे. तरीही इथे समुपदेशिकेचे पारडे जड आहे. गिरीश कर्नाड यांच्या समंजस, सभ्य, म्हणूनच असह्य होणाऱ्या नवऱ्यासमोर बसलेली सुलभा जे ऐकते, ते ऐकत असताना तिच्या चेहऱ्यावर काय होते, ते पटकथेत लिहून ठेवता येत नाही. शबाना आझमींचा पुरस्कार न्याय्य होता. स्मिता पाटील यांच्या कामाची योग्यता त्याहून कमी नव्हती. पुरस्काराची जागा एकच होती, त्यामुळे दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

दोघींचा विचार करताना एक विलक्षण योगायोग विसरता येत नाही. स्मिता पाटील ‘अर्थ’मध्येही आहेत, आणि तिथे त्या कविता आहेत, म्हणजे पूजाच्या नवऱ्याला घेऊन गेलेली स्त्री. एकाच वर्षी त्यांनी घर सोडणारी बाई केली आणि दुसरीचे घर मोडणारी बाईही. कविता ही यशस्वी नटी आहे, पण तिचे मन थाऱ्यावर नाही. अपराधाची आणि सोडले जाण्याची भीती तिला पोखरते. ‘अर्थ’च्या एकटेपणात सगळ्यात एकटी तीच आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पूजाजवळ निदान लोकांची सहानुभूती आहे. कविताजवळ तीही नाही. फिल्मफेअरने पुढे या चित्रपटासाठी शबाना आझमींना प्रमुख अभिनेत्रीचा आणि मोलकरणीच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. त्या मोलकरणीचा संसारही मोडका आहे. लेकीच्या शाळेसाठी साठवलेले पैसे नवरा उडवतो आणि तिच्या हातून त्याचा खून होतो. तीन स्त्रिया, तिघींचे तुटणे वेगळे, आणि महेश भट्ट यांनी त्या एकमेकींना भेटवल्या. चित्रपट टिकला त्यात याचा वाटा मोठा आहे.

काळाचा संदर्भही इथे लक्षात घ्यायला हवा. परस्परसंमतीने घटस्फोट घेण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यात १९७६च्या दुरुस्तीने आली. म्हणजे हे चित्रपट आले तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती. कौटुंबिक न्यायालयांचा कायदा १९८४चा, म्हणजे त्यानंतरचा. लग्न मोडल्यावर बाईने कुठे राहायचे, काय खायचे, कोणाला काय सांगायचे, याची कोणतीही तयार वाट समाजात नव्हती. आज ब्रेकअप हा शब्द शाळेतल्या मुलांच्याही तोंडी आहे. पण वाट आहे का, यावर समुपदेशिकेचे उत्तर नाही असेच होते. तिच्या मते बदल झाला तो उलट्या दिशेने : आता गेलेल्या माणसाचा फोटो, त्याचा नवा जोडीदार, त्याची सहल हे सगळे खिशातल्या फोनवर दिसत राहते, त्यामुळे जाणे पूर्ण होतच नाही.

यावरून बोलणे ‘मून्द्राम पिरै’कडे वळले. समीक्षकाच्या मते तिन्हींत सर्वांत धाडसी अभिनय कमल हासन यांचा. “शेवटचा स्टेशनवरचा प्रसंग आठवा. आईवडील तिला घेऊन निघालेत. हा धडपडत, जखमी होऊन स्टेशनवर पोहोचतो. ती ओळखत नाही. मग तो तिला हसवायचा तेच करतो, माकडासारख्या उड्या मारतो, डोक्यावर भांडं ठेवतो. तिला तो वेडा किंवा भिकारी वाटतो. गाडी सुटते. नटाची हिंमत बघा, प्रेक्षक हसला असता तर सगळा चित्रपट कोसळला असता. छायाचित्रणही दिग्दर्शक बालू महेंद्र यांचंच, आणि त्यालाही त्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.”

समुपदेशिकेने अभिनयाला हरकत घेतली नाही. तिची हरकत कथेला होती. “पॉलीन बॉस या मानसशास्त्रज्ञ एका प्रकारच्या हानीबद्दल सांगतात. माणूस जिवंत आहे, पण आपल्यासाठी नाही. त्यामुळे शोकाला शेवट सापडत नाही. त्या शिक्षकाचं दुःख तसं आहे, हे मला मान्य. पण सर, त्या मुलीचं काय? ती संमती देण्याच्या अवस्थेतच नव्हती. त्या नात्यात एकाला सगळं आठवतं आणि दुसरीला काहीच नाही. प्रेक्षक फक्त त्याच्यासाठी रडतो. ज्याला नकार मिळाला आहे असा तरुण हे पाहून काय शिकेल? की तिने आपल्याला ओळखलंच पाहिजे?”

समीक्षक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “शिकेल की नाही ते सांगता येत नाही. पण चित्रपट त्याच्या बाजूने कौल देत नाही. गाडी थांबत नाही, ती मागे वळत नाही. आपण केलं त्याची परतफेड मिळेल ही आशा त्या फलाटावर संपते. त्या तरुणीच्या भूमिकेतल्या श्रीदेवींचं काम तेव्हा फारसं चर्चेत आलं नाही याची मला हळहळ आहे. त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २०१७च्या ‘मॉम’साठी, तोही मरणोत्तर.”

या मुद्द्यावर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे आणि एकाने दुसरे खोडले जात नाही. कलाकृती प्रामाणिक असू शकते, आणि दुखावलेल्या मनःस्थितीत तिचा चुकीचा अर्थही लागू शकतो. म्हणूनच शेवटी चर्चा पुरस्कारांवरून एका व्यावहारिक प्रश्नावर आली : नुकतेच नाते तुटलेल्या माणसाने यातले काय पाहावे?

समीक्षक म्हणाला, तिन्ही पाहावेत, चांगल्या कलाकृतीने कोणाचे वाईट होत नाही. समुपदेशिकेचे उत्तर अधिक सावध होते. पहिल्या काही आठवड्यांत झोप, जेवण आणि रोजचे काम यांची घडी बसवणे महत्त्वाचे. त्या काळात ‘मून्द्राम पिरै’ किंवा ‘सदमा’ एकट्याने, रात्री पाहू नये. ‘अर्थ’ कोणाबरोबर तरी पाहावा आणि नंतर बोलावे. त्यातल्या कैफी आझमींनी लिहिलेल्या आणि जगजीत सिंग यांनी गायलेल्या गझला मात्र लोक आधीच ऐकत असतात, आणि त्यात वावगे काही नाही. ‘उंबरठा’ त्यांच्यासाठी, ज्यांनी स्वतः निर्णय घेतला आणि आता स्वतःलाच माफ करता येत नाही. त्यातली सुरेश भटांची गझल अशा माणसाला, आपल्याला कोणीतरी ओळखले, असे वाटायला लावते.

“आणि जो जगायलाच नको म्हणतो, त्याला कुठलाच चित्रपट देऊ नका,” तिने पुढे सांगितले. “त्याच्याजवळ बसा, त्याला एकटं सोडू नका आणि फोन लावा. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येतं.”

समीक्षकाने तो क्रमांक लिहून घेतला. फिल्म सोसायटीत ‘उंबरठा’ आणि ‘अर्थ’ एकापाठोपाठ दाखवायचे ठरले, तर खेळानंतरच्या चर्चेला तिने यावे, असे त्याने सुचवले. तिने ते मान्य केले. अट एकच घातली : चर्चेची सुरुवात पुरस्कार कोणाला मिळायला हवा होता, या प्रश्नाने करू नये. त्यावर तो म्हणाला, “सुरुवात तिथूनच होऊ द्या, ताई. शबाना की स्मिता यावर अनोळखी माणसंही बोलायला लागतात. एकदा बोलती झाली, की त्यातला कोणीतरी स्वतःबद्दल बोलेल.”